जावईबापूंची पावसाळी सायकल फेरी

नदीच्या अलीकडे एक लहानसं गाव होतं, आणि त्या गावात सोपान नावाचा एक भोळा माणूस राहायचा. गावात शहाणे पुष्कळ होते, म्हणून सोपानचं कोणाला ओझं वाटायचं नाही. चार म्हशी, एक आई, एक सायकल आणि सगुणा नावाची बायको, एवढा त्याचा संसार. सायकलीला दोन्ही बाजूंनी किटल्या अडकवून तो रोज डेअरीवर दूध घालून यायचा.

त्याला जेवढं सांगावं तेवढं तो करायचा. कमी नाही, जास्त नाही. एकदा आई म्हणाली, "सोपाना, म्हशीवर लक्ष ठेव." सोपान म्हशीसमोर बसला आणि तिच्याकडे बघत राहिला. मागून चोर आला आणि पारडू सोडून घेऊन गेला. सोपाननं मान वळवली नाही. त्याला पारडाचं कोणी सांगितलं नव्हतं.

सगुणा मात्र शहरातली. तिचे वडील वामनराव, त्यांचं शहरात रंगाचं दुकान. लग्नाच्या बोलण्यांत सोपान एक शब्द बोलला नव्हता, त्यामुळे वामनरावांना तो फार विचारी वाटला होता. लग्नानंतर तो बोलायला लागला, आणि तेव्हापासून वामनरावांची झोप गेली.

त्या वर्षी श्रावण दोनदा आला. पहिला अधिक, म्हणजे धोंड्याचा महिना. या महिन्यात जावयाला बोलवायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, वर कपडेलत्ते करायचे, अशी रीत. सगुणा आधीच माहेरी जाऊन राहिली होती. तिनं निरोप धाडला, "धोंडे खायला या. पण जपून या. आबा म्हणतात, जावई चार माणसांत शहाण्यासारखा वागला तरच तुला पाठवीन, नाही तर तू इथंच राहा. म्हणून सांगते, सांगतील तेवढंच करा."

सोपानला बरं वाटलं. एवढंच तर त्याला येत होतं.

तो सायकलीवरून भिजत भिजत तीन कोस आला. सासूबाईंनी पाट मांडला, सगुणानं तूप वाढलं, सोपाननं धोंडे खाल्ले. 'पोट भरेस्तोवर खा' असं सासूबाई म्हणाल्या होत्या आणि पोट कधी भरलं हे कोणी सांगितलं नाही, म्हणून तो खात राहिला. शेवटी सगुणानंच ताट उचललं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मेव्हणा विश्वजित हातमोजे घालून आला. डोक्यावर टोपलीसारखी टोपी, अंगाला चिकटलेली तंग चड्डी, हातात दुकानातल्या दोन महिन्यांच्या कमाईची सायकल. तिला ना कॅरिअर, ना घंटी, ना मडगार्ड.

"चला दाजी, सायकल फेरीला. आमचा सगळा ग्रुप आहे."

"कुठं जायचं?"

"कुठं नाही. गावभर फिरायचं."

"काही आणायचंय?"

"काही नाही हो."

"कोणाला काही द्यायचंय?"

"दाजी, मजा म्हणून जायचं! पावसात भिजायचं आणि फिरून परत इथंच यायचं."

"इथंच?"

"इथंच. याच दारात."

विश्वजित आणि त्याचा ग्रुप शिट्ट्या वाजवत निघून गेला. सोपाननं दाराकडे पाहिलं, आपल्या पायांकडे पाहिलं. तो दारातच होता. त्यानं सायकल भिंतीला लावली, पायरीवर बसला आणि सासूबाईंनी दिलेला चहा प्यायला.

उन्हं यायच्या वेळेला, म्हणजे उन्हं आली नाहीत पण यायची वेळ झाली तेव्हा, ग्रुप परत आला. कोणाचा गुडघा फुटला होता, कोणाची साखळी तुटली होती, विश्वजित तर गाळात लोळलेल्या रेडकासारखा दिसत होता.

"दाजी, तुम्ही मागे दिसला नाहीत!"

"मी तुमच्या आधीच पोचलो," सोपान म्हणाला.

ग्रुपमधले लोक वाकडं हसले. वामनराव खिडकीतून ऐकत होते, त्यांना ते हसणं झोंबलं. ते बाहेर येऊन म्हणाले, "जावईबापू, अहो, सायकल फेरीत पोचणं महत्त्वाचं नसतं! चालवत राहणं महत्त्वाचं. घाम निघाला पाहिजे, पाय दुखले पाहिजेत. पोचण्याला काय किंमत आहे?"

"असं व्हय," सोपान म्हणाला. "आता नाही चुकायचा."

आणि ती चूक त्यानं पुन्हा केली नाही. नवी केली.

दुपारी वामनरावांनी त्याच्या हातात धोंड्यांचा डबा दिला. शहराच्या दुसऱ्या टोकाला वामनरावांच्या थोरल्या बहिणीचं, यमुनाआत्यांचं घर होतं. "आत्या वाट बघतायत. गरम गरम नेऊन द्या. सायकलीवर जा."

सोपान निघाला. नेऊन द्यायचं हे त्याच्या लक्षात होतं, पण पोचण्याला किंमत नाही हेही लक्षात होतं, आणि जे मागाहून सांगितलं ते मोठं असतं की आधी सांगितलं ते, हे त्याला ठरवता येईना. मग त्याला वाटलं, घाम निघेपर्यंत चालवावं, पुढचं पुढं. पण पावसात घाम निघाला की नाही ते कसं कळणार? त्यानं कपाळ पुसलं. ओलं होतं. पावसाचं की घामाचं? तो चालवत राहिला.

त्यानं सगळं शहर पाहिलं. सायकलींसाठी बांधलेला रंगीत रस्ता पाहिला, त्याच्यावर मोटारी उभ्या होत्या आणि मोटारींच्या मधून भजीच्या गाड्या. 'सायकलस्वारांचे स्वागत' असा फलक पाहिला, तो वाऱ्यानं पडून त्याच रस्त्यावर आडवा झाला होता. आत्यांच्या दारावरून तो तीनदा गेला. आत्या गॅलरीतून ओरडल्या, "अरे सोपान, इकडं! इथं राहते मी!"

"दिसलं, आत्या!" सोपान ओरडला. "पण पाय अजून दुखले नाहीत!"

दिवेलागणीला तो डबा घेऊन परत आला. धोंड्यांची लापशी झाली होती. डब्याला झाकण नीट बसलं नव्हतं आणि शहरातला बराचसा पाऊस त्यात गेला होता.

सगुणानं कपाळावर हात मारला. वामनरावांनी दोन्ही हात मारले. "जावईबापू, पावसात काही न्यायचं तर ते प्लास्टिकमध्ये गुंडाळावं! चहूकडून घट्ट! वरून सुतळीनं बांधावं! एक थेंब आत जाता कामा नये, समजलं?"

"असं व्हय. आता नाही चुकायचा."

आणि ती चूक त्यानं पुन्हा केली नाही.

दुसऱ्या दिवशी वामनराव म्हणाले, "धोंडे तिकडं पोचत नाहीत, तर आत्यांनाच इकडं आणा. रिक्षावाले पावसात नाही म्हणतात. आत्या अंगानं काटकुळ्या आहेत, कॅरिअरवर बसवून आणा."

सोपाननं दुकानातून रंगाखाली अंथरायचा मोठा प्लास्टिकचा कागद घेतला, सुतळीचं बंडल घेतलं आणि निघाला. आत्या नटूनथटून तयार होत्या. सोपान म्हणाला, "आत्या, जरा हात आत घ्या." आत्यांना वाटलं, रेनकोट घालतोय, गुणाचा आहे पोरगा. त्यांनी हात आत घेतले. सोपाननं पायापासून डोक्यापर्यंत तीन वेढे दिले, सुतळी आवळली आणि ते गाठोडं कॅरिअरवर आडवं टाकलं.

त्या शहरात रुग्णवाहिकेला कोणी वाट देत नसे. अग्निशामक बंबाला देत नसत. पण सोपानच्या सायकलीला सगळ्यांनी वाट दिली. रिक्षा बाजूला झाल्या. बस थांबली, आतल्या माणसांनी हात जोडले. एका चहावाल्यानं गाळणं खाली ठेवून टोपी काढली. एक भला माणूस तर पुण्य लागावं म्हणून मागून चार पावलं चालला. तेवढ्यात गाठोडं बोललं.

"मेल्या, सोड मला!"

तो भला माणूस वळून जो पळाला तो त्या रस्त्यानं पुन्हा दिसला नाही. सोपान मात्र थांबला, कागदाला आत्यांनी नखानं पाडलेलं भोक त्यानं बघितलं आणि काळजीनं विचारलं, "आत्या, थेंब गेला का आत?"

घरी आल्यावर आत्यांना सोडवलं. त्या बाहेर आल्या त्या बोलतच बाहेर आल्या, आणि कोरड्या ठणठणीत होत्या.

"एक थेंब नाही गेला, मामा," सोपान म्हणाला.

वामनराव सुतळी गोळा करायला लागले. बोलायला विश्वजितच पुढं झाला. "दाजी, माणसाला गुंडाळतात का? माणूस मागे असला की त्याला पुढचं सांगायचं असतं. आमच्या ग्रुपमध्ये बघा, जो पुढं असतो त्याला खड्डा आधी दिसतो. मग तो बोट दाखवतो आणि ओरडतो, 'पुढं खड्डा!' मागचा बिचारा वाचतो. जे जे पुढं दिसेल ते मागच्याला मोठ्यानं सांगायचं. लपवायचं नाही."

"असं व्हय. आता नाही चुकायचा."

सगुणानं त्याला स्वयंपाकघरात नेलं. तिचे डोळे भरून आले होते. "अहो, उद्या आबांकडं साहेब यायचेत. आपल्या भागाचे नगरसेवक. रविवारी मोठी सायकल फेरी आहे आणि आबा तिचे स्वागताध्यक्ष. उद्याचा दिवस नीट घालवा हो. मला घरी यायचंय. म्हशी माझ्यावाचून अडून बसल्या असतील."

"तांबडी तर बसलीच आहे," सोपान म्हणाला. "तुझं लुगडं दाखवल्याबिगर दूध देत नाही. मी तेच नेसून धार काढतो."

सगुणा रडता रडता हसली. "कोणाला सांगू नका ते."

दुसऱ्या दिवशी साहेबांची गाडी दारात थांबली. पांढरे कपडे, कपाळाला गंध, तोंडभर हसू. साहेब सगळ्यालाच हसायचे, त्यांची ती सवय होती. वामनराव आत कॉलर नीट करत होते. दारात सोपान होता. साहेब म्हणाले, "कुठून जायचं?"

"या, माझ्या मागं या," सोपान म्हणाला. आणि साहेब त्याच्या मागे झाले.

मागे माणूस आला म्हटल्यावर सोपाननं बोट पुढं केलं आणि मोठ्यानं म्हणाला, "पुढं पायरी!"

साहेबांना आवडलं. "वा! गावाकडची माणसं किती जपतात!"

"पुढं उंबरा! पुढं फोटो! तुमचा आहे. परवापर्यंत तिथं दुसऱ्या साहेबांचा होता!"

साहेबांचं हसू थोडं हललं.

"पुढं खुर्ची! तिच्यावर बसू नका, मोडकी आहे, सुतळीनं बांधलीय! तिच्या शेजारी चांगली खुर्ची! ती शेजाऱ्यांची आहे! पुढं मामी! त्या म्हणत होत्या, एवढ्या माणसांना चहा पाजायचा म्हणजे काय चेष्टा आहे का! पुढं मामा! त्यांना निवडणुकीचं तिकीट पाहिजे! चहा झाला की विषय काढतील!"



साहेब शेजाऱ्यांच्या खुर्चीवर बसले. त्यांनी चहा घेतला, आणि वामनरावांनी विषय काढला नाही. साहेब जाताना म्हणाले, "वामनराव, रविवारी हा माणूस माझ्या बरोबर मागे ठेवा. धोतर, टोपी, जुनी सायकल. फोटोत बरं दिसतं. फक्त तोंड उघडायला लावू नका."

गाडी गेली. वामनरावांनी घरच्या सगळ्यांना बोलावलं. मग त्यांनी सोपानला समोर बसवलं आणि एकेक शब्द तोलून, जसा रंगात थेंब थेंब टर्पेंटाइन घालतात तसा, सांगितला.

"जावईबापू. आता मी एकच गोष्ट सांगणार. तुमचं डोकं चालवायचं नाही. रविवारी तुमच्या पुढं साहेब असतील. पुढचा करील ते करायचं. तेच करायचं. तो थांबला, थांबा. तो हसला, हसा. फेरी नीट पार पडली आणि साहेब खूश झाले, तर सगुणाला घेऊन जा. मी अडवणार नाही. नाही झाले, तर तुमच्या म्हशी आणि तुम्ही."

"पुढचा करील तेच," सोपान म्हणाला.

"तेच."

"आता नाही चुकायचा."

रविवारी पावसानं जोर धरला. गावाकडून येणारा रस्ता शहराला जिथं लागतो त्या चौकात मांडव घातला होता. 'सायकल चालवा, शहर वाचवा' असा मोठा फलक लावला होता. फेरीला आलेले लोक मोटारींतून आले होते आणि सायकली मोटारींच्या टपांवर बांधून आणल्या होत्या. वामनरावांनी कर्णा घेऊन सगळ्यांना नियम सांगितला. "मंडळी, आपलं डोकं चालवायचं नाही. पुढचा जिकडे जाईल तिकडे मागच्यानं जायचं." चांगला नियम होता, म्हणून त्यांनी सगळ्यांनाच लावला.

सगुणा आपलं बोचकं घेऊन पाण्याच्या बाटल्यांच्या टेम्पोजवळ उभी होती. फेरी नीट झाली की निघायचं, म्हणून तिनं केसांत फूलसुद्धा माळलं होतं.

साहेब आले. सोबत वहिनीसाहेब होत्या, जरीची साडी नेसलेल्या. त्या प्रत्येक कार्यक्रमाला यायच्या आणि प्रत्येक कार्यक्रमात त्यांना कोणीतरी नारळ द्यायचं. बोलायला कोणी सांगायचं नाही.

साहेब मांडवात उभे राहिले. मागे सोपान उभा राहिला. साहेबांनी हात जोडले, सोपाननं जोडले. साहेब खाकरले, सोपान खाकरला. साहेबांनी चष्मा काढून पुसला. सोपानला चष्मा नव्हता, म्हणून त्यानं डोळे पुसले. पुढच्या रांगेतल्या बायका म्हणाल्या, "बघा, गरीब माणूस किती गहिवरलाय."

साहेब माइकवर म्हणाले, "मी रोज सायकलच चालवतो!" टाळ्या पडल्या.

सोपान मागून म्हणाला, "मी रोज सायकलच चालवतो."

टाळ्या पडल्या नाहीत. खरं बोलण्याला कोण टाळ्या देतो?

मग फुलांनी सजवलेली नवी सायकल आणली. फोटोवाला म्हणाला, "साहेब, वहिनींना मागे बसवा. फोटो झकास येईल." साहेबांनी वहिनीसाहेबांना कॅरिअरवर बसवलं, हिरवा झेंडा हलवला, सायकलीवर बसले आणि फोटोवाल्यापर्यंत चालवत गेले. दहाबारा पावलं असतील. कॅमेरा चकाकला.

"झालं, साहेब," फोटोवाला म्हणाला.

साहेब उतरले. हँडल एका कार्यकर्त्याच्या हातात दिलं, खिशातला फोन वाजत होता तो कानाला लावला आणि मोटारीत जाऊन बसले. काचा वर गेल्या. वहिनीसाहेब छत्री धरून कॅरिअरवर तशाच राहिल्या. त्यांना उतरवायचं कोणाच्या लक्षात आलं नाही.

आता सोपानची पाळी होती.

त्यानं सगळं नीट आठवलं. पुढचा या सायकलीवर बसला. या बाई मागे होत्या. पुढच्यानं झेंडा हलवला. सोपाननं आपली जुनी सायकल खांबाला टेकवली, झेंडा हलवला, कार्यकर्त्याच्या हातातून हँडल घेतलं आणि वहिनीसाहेबांना घेऊन निघाला. पुढचा 'झालं' ऐकल्यावर थांबला होता, म्हणजे सोपानलाही 'झालं' ऐकल्यावर थांबायचं होतं. पण फोटोवाला कॅमेरा पिशवीत घालून भजी खायला गेला होता. झालं म्हणायला कोणी उरलंच नव्हतं.

सोपान चालवत राहिला. तो रस्ता नाकासमोर त्याच्या गावाला जात होता.

त्याच्या मागच्यानं पाहिलं, पुढचा निघाला. तो निघाला. त्याच्या मागचा निघाला. विश्वजितचा ग्रुप निघाला, शाळांचे मास्तर निघाले, स्वागताध्यक्ष वामनराव विश्वजितची दुसरी सायकल धापा टाकत हाकत निघाले. साहेबांच्या ड्रायव्हरनं पाहिलं, सगळेच निघाले, त्यानं गाडी सुरू केली. साहेब फोनवर होते. सगुणा ओरडली, "अहो! ती मी नाही! मी इथं आहे!" आणि बोचकं फेकून टेम्पोत चढली. टेम्पोही निघाला.

रस्त्यात खड्डे होते तेवढे सगळे लागले. वहिनीसाहेब कॅरिअरवर उडत होत्या.

"अहो, हा वॉर्ड कोणाचा?" त्यांनी विचारलं.

"साहेबांचा," सोपान म्हणाला.

"अगंबाई. हा आमचाच का?" छत्री वाऱ्यानं उलटी झाली, ती त्यांनी सोडून दिली. "कुठं चाललाय तुम्ही?"

"हा रस्ता आमच्या गावाला जातो."

"तिथं भाषण आहे?"

"नाही."

"नारळ?"

"नाही. म्हशी आहेत."

"मग चला," वहिनीसाहेब म्हणाल्या आणि सीटला घट्ट धरून बसल्या. ओढा ओलांडताना त्यांनी पाय उचलले आणि लहान मुलीसारख्या ओरडल्या.

गावात सोपानची आई सकाळपासून वाट बघत होती. सून आज माहेरून येणार असा निरोप होता, म्हणून ओवाळून टाकायला भाकरीचा तुकडा आणि पाण्याचा तांब्या घेऊन ती उंबऱ्यात बसली होती. तिनं पाहिलं, सोपान येतोय, कॅरिअरवर बाई आहे, आणि मागे रंगीत टोप्यांची जत्रा आहे. म्हातारीला हे लचांड काही उमजेना. "आलास एकदाचा? झालं, उतर बाबा."

'झालं' ऐकलं आणि सोपान उतरला.

आईनं तुकडा हातात घेतला, बाईच्या तोंडाजवळ नेला आणि हात थांबला. "अरे, ही कोण?"

"माहीत नाही. पुढच्याची आहे."

"आणि तुझी?"

"पुढच्यानं त्याची सोडली. म्हणून मी माझी सोडली."

तेवढ्यात टेम्पो आला. सगुणा उडी मारून खाली उतरली आणि नवऱ्यासमोर कमरेवर हात ठेवून उभी राहिली. मागून वामनराव आले. ते पडत पडत आले होते, डाव्या बाजूनं चिखल होता आणि उजव्या बाजूनंही होता. ते गरजले, "सगुणा! चढ टेम्पोत परत! या माणसाच्या घरात मी तुला..."

साहेबांच्या गाडीची काच खाली आली. फोन संपला होता. साहेबांनी बाहेर पाहिलं. कौलं, म्हशी, शेणानं माखलेला गोठा, आणि पावसात भिजलेले त्यांच्या भागातले सगळे मतदार. ते उतरले.

"हे काय?"

विश्वजित धीर करून म्हणाला, "साहेब, फेरी... गावापर्यंत आली."

साहेबांनी मतदारांची गर्दी नजरेनं मोजली. मग त्यांचं हसू तोंडभर पसरलं. "शहराची फेरी थेट खेड्याच्या दारात! अहो, हे आजवर कोणाला सुचलं नाही! फोटोवाल्याला बोलवा! कोणाची ही कल्पना, वामनराव?"

वामनरावांनी सोपानकडे पाहिलं, साहेबांकडे पाहिलं, चिखलाकडे पाहिलं. "आमच्या... जावयाची," ते म्हणाले.

"हुशार आहेत हो जावई! फेरी उत्तम पार पडली! आम्ही खूश आहोत!"

"ऐकलंत, आबा?" सगुणा म्हणाली.

वामनरावांनी ऐकलं होतं. शब्द दिला होता आणि चारचौघांत दिला होता. ते खाली मान घालून म्हणाले, "राहा बाई. तुझं घर, तू राहा." आणि टेम्पोत बाटल्यांच्या मधे जाऊन बसले.

सगुणाचा चेहरा उजळला. तिनं सासूच्या हातातला तुकडा स्वतःवरून ओवाळून घेतला, पाणी पायावर घेतलं आणि उंबरा ओलांडला. किती दिवसांनी आली ती घरी! तांबडी म्हैस गोठ्यातून ओरडली. सगुणा वळून नवऱ्याला म्हणणार होती, या, तुम्हीपण आत या.

पण साहेबांनी घड्याळ पाहिलं होतं. पुढच्या कार्यक्रमाला उशीर झाला होता. ते भराभरा चालत गेले आणि मोटारीत बसले.

सोपाननं ते पाहिलं. पुढच्यानं 'झालं' ऐकल्यावर काय केलं होतं? उतरला होता, आणि मोटारीत बसला होता. उतरणं झालं होतं, बसणं राहिलं होतं. सोपान घाईघाईनं गेला, दुसऱ्या बाजूचं दार उघडलं आणि साहेबांच्या शेजारी बसला. साहेबांनी फोन कानाला लावला होता, त्यांनी पाहिलंही नाही. साहेबांनी काचेतून लोकांना हात हलवला. सोपाननं दुसऱ्या काचेतून सगुणाला हात हलवला.

"चला," साहेब ड्रायव्हरला म्हणाले.

"चला," सोपान म्हणाला.

मोटार गेली. तिच्या मागे सायकली गेल्या, टेम्पो गेला. गल्लीत चाकांच्या खुणा तेवढ्या राहिल्या आणि त्यांत पाणी भरायला लागलं.

उंबऱ्याच्या आत सगुणा उभी होती. बाहेर पागोळ्यांखाली वहिनीसाहेब उभ्या होत्या. मधे म्हातारी रिकामा तांब्या घेऊन एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत होती.

वहिनीसाहेबांनी पदर पिळला. "तुमचे येतील का परत?"

"येतील की," सगुणा म्हणाली. "पुढचा करील तेच ते करतात. तुमचे तुम्हाला न्यायला फिरले, की आमचेही त्यांच्या मागे येतील."

वहिनीसाहेबांनी थोडा विचार केला. मग चपला काढल्या आणि आत येऊन चुलीपाशी पाटावर बसल्या.

"मग बाई, पीठ जास्तीचं मळा," त्या म्हणाल्या. "आमच्यांच्या लक्षात यायला पुढची निवडणूक यावी लागेल."